विश्लेषण : थंडीत डिझेल ट्रक सुरू का होत नाही? दोष कोणाचा?

नाशिकचा कांदा घेऊन उत्तरेकडे गेलेला ट्रक कडाक्याच्या थंडीत पहाटे सुरू होत नाही. मालाला उशीर होतो, व्यापाऱ्याचे फोन सुरू होतात आणि खापर फुटते ते चालकावर. प्रत्यक्षात बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा गाडी निघण्यापूर्वीच झालेली असते.

थंडीचा डिझेल इंजिनवरच परिणाम का?

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि त्यात फवारलेले डिझेल पेट घेते. गारठलेल्या इंजिनात ही उष्णता लोखंडच शोषून घेते. त्यातच शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते आणि इंजिन ऑइल घट्ट होते. म्हणजे जोर जास्त लागतो, तेव्हाच तो कमी मिळतो.

नेमके बिघडले काय, हे कसे ओळखावे?

सेल्फ मारल्यावर नुसते ‘कट-कट’ वाजले किंवा इंजिन जड फिरले, तर बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंगची केबल किंवा घट्ट झालेले ऑइल तपासावे. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण सायलेन्सरमधून धूरच येत नाही, याचा अर्थ डिझेल पोहोचत नाही. फिल्टर तुंबला असेल, त्यातले पाणी गोठले असेल किंवा लाइनने हवा घेतली असेल. पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोहोचते आहे, पेटत नाही. अशा वेळी संशय हीटरवर घ्यावा. सलग १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे, नाहीतर बॅटरीसोबत सेल्फही जातो.

डिझेल खरेच गोठते का?

डिझेलमध्ये मेण असते. थंडीत त्याचे कण तयार होतात आणि फिल्टर बंद करतात. भारतीय मानकांनुसार फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळी डिझेलसाठी ६ अंश, तर उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आहे. त्यामुळे निफाडच्या गारठ्यात गाडी अडली, तर आधी बॅटरी आणि हीटर पाहावा. काश्मीर किंवा लेहच्या वाटेवर मात्र महाराष्ट्रात भरलेली टाकीच अडचण ठरू शकते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले, ते याच कारणाने. उत्तरेत शिरताना टाकी शक्य तितकी रिकामी करून तिथले डिझेल भरणे हा साधा, स्वस्त उपाय आहे.

मग शेकोटीचे काय?

टाकीखाली जाळ करणे, पेटता बोळा फिल्टरजवळ धरणे हे प्रकार आजही चालतात. त्यात गाडी जळते, माणूसही होरपळतो. हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारला, तर स्फोट होऊ शकतो. रॉकेल मिसळल्याने नव्या बीएस-६ इंजिनाचे पंप, नोजल आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा खराब होते. फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळणे, ऊन येईपर्यंत थांबणे किंवा फिल्टर बदलणे, हेच सुरक्षित मार्ग.

जबाबदारी कोणाची?

चालकाने रात्री फिल्टरमधले पाणी सोडावे, टाकी अर्ध्याहून खाली जाऊ देऊ नये, उताराची सुरक्षित जागा पाहून गाडी लावावी, हे ठीक. पण जुनी बॅटरी बदलणे, हीटर दुरुस्त करणे, थंडीला साजेसे ऑइल घालणे आणि जादा फिल्टर सोबत देणे हे निर्णय मालकाच्या खिशातून होतात. तो खर्च टाळून ‘गाडी वेळेत पोहोचव’ असा तगादा लावला, की चालकाच्या हातात काडेपेटी येते. ट्रक उणे तापमानात पाठवायचा, तर दिवाळीनंतरची ही तपासणी मालकाने स्वतःहून करून द्यावी आणि डिझेल गोठल्यामुळे झालेला उशीर चालकाच्या भत्त्यातून कापू नये. दोन तास उशिरा पोहोचलेला कांदा विकला जातो. भाजलेल्या हाताने मात्र पुढच्या हंगामात स्टेअरिंग धरता येईलच असे नाही.