उकळले म्हणजे शुद्ध झाले?

गढूळ पाणी उकळावे, बाळाची बाटली उकळत्या पाण्यातून काढावी, हा अग्नीवरील विश्वास आपल्या घरांत आजीपासून नातवापर्यंत चालत आला आहे आणि बहुतांशी तो योग्यही आहे. एका ठिकाणी मात्र तो जिवावर बेतू शकतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या अवधपुरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही शुद्ध पाण्यात लीटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळवून काही हौशी मंडळी खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका परिचित घरी पेटीतील दगडावर तपकिरी गुंड्यांसारखे जीव दाटलेले आम्ही पाहिले. ते शेजारच्या जीवांवर पसरू लागले होते. दगड पातेल्यात घालून उकळावा, असा घरातील वडीलधाऱ्यांचा बेत होता. आम्ही तो मोडला, तेव्हा त्यांना थोडा रागही आला.

हे जीव पोवळ्यांचे भाऊबंद. त्यांना झोअँथिड म्हणतात. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी त्यांचे काही प्रकार सहज दिसतात. त्यांतील काहींच्या अंगी पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. १९७१ मध्ये मूर व शॉयर या शास्त्रज्ञांनी ते हवाई बेटांवरील अशा जीवांतून वेगळे केले. पेशींत सोडियम व पोटॅशियम यांची ने-आण करणाऱ्या पंपाचे हे विष उघडे भोकच करून टाकते. त्यावर उतारा नाही आणि नुसत्या उकळण्याने ते निकामी होत नाही. उलट वाफेबरोबर उडालेले तुषार घरभर पसरतात. असे दगड उकळल्यामुळे परदेशांत कुटुंबेच्या कुटुंबे ताप, थंडी, खोकला व श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात गेली आहेत. हवेतून घरात शिरणारे विष म्हणजे काय, हे १९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र भोगलेल्या भोपाळकरांस आम्ही काय सांगावे!

कोणता झोअँथिड विषारी आणि कोणता निरुपद्रवी, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून सर्वांनाच विषारी समजावे. हातमोजे व चष्मा घातल्यावाचून त्यांना हात लावू नये. दगड घासू नये, सुकवू नये, गरम पाण्याने धुऊ नये.

एप्टेशिया नावाच्या पारदर्शक उपद्रव्याची गोष्ट निराळी. त्याला खरवडावे, तर उरलेल्या तुकड्यातून नवा जीव उभा राहतो. त्याच्या तोंडावर पानाच्या चुन्यासारखा दाट, निर्भेळ चुना घालणे हा जुना उपाय. पण तो थोडाथोडाच घालावा, कारण चुन्याने पेटीतील पाणी बिघडते. सर्वांत उत्तम म्हणजे नवा दगड काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून पारखणे. आपल्याकडे ही सबुरी फार थोड्यांना असते. विक्रेत्यानेही दगडाबरोबर सूचनेची एक चिठ्ठी द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. फटाक्यांच्या खोक्यावर सूचना असते, मग येथे का नसावी?

आणखी एक गोष्ट. खडक बांधणारी सर्व कठीण पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरी बाळगणे हाच गुन्हा आहे. ज्यांना ती पाहावयाची असतील, त्यांनी सुट्टीत मालवणला जावे. तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

तो दगड शेवटी मोजे घालून, पाण्यातल्या पाण्यातच बादलीत घेतला आणि गच्चीवर नेऊन ब्लीचच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवला. पातेले फडताळात परत गेले.