गिळलेले नाणे : यंत्राचा शब्द आणि आपला विवेक

नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तरी तालुक्यातील नानोडा-बांबर येथे एका शेतकऱ्याला जमिनीत मातीचे मडके सापडले आणि त्यातून ८३२ तांब्याची नाणी निघाली. ती पोर्तुगीज अमदानीतील, सोळाव्या-सतराव्या शतकातील असावीत, असा अंदाज वर्तविण्यात आला. वर्तमानपत्रांत ही वार्ता आली आणि आमच्या मुळगावात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. माझ्या दवाखान्यातही रक्तदाब तपासून घेता घेता एकदोघांनी विचारले, "डॉक्टर, ते जमिनीतले नाणे शोधणारे यंत्र कुठे मिळते हो?" मी हसून वेळ मारून नेली. पण मनात विचार आला, की ज्या नाण्याचा शोध आपल्याला खरोखर आणि तातडीने घ्यावा लागतो, ते जमिनीत नसते. ते तीनचार वर्षांच्या मुलाच्या अन्ननलिकेत अडकलेले असते. त्या शोधासाठी हेच यंत्र आपल्या हाताशी असावे, आणि त्याचबरोबर त्याच्या शब्दावर किती विसंबावे हेही आपल्याला ठाऊक असावे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. मेटल डिटेक्टरच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत् प्रवाह वाहतो व त्यामुळे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उठतात. हे प्रवाह स्वतःचे प्रतिक्षेत्र निर्माण करतात आणि यंत्र तेच टिपते. म्हणजे यंत्राला नाण्याचे मूल्य कळत नाही, त्यावरचा राजा कळत नाही की सिंह कळत नाही. धातू किती वाहक आहे, किती चुंबकीय आहे, केवढा आहे, किती दूर आहे आणि कोणती बाजू पुढे करून आहे, एवढेच त्याला कळते.

कैलासवासी वडिलांचा नाण्यांचा एक जुना डबा माझ्यापाशी आहे. दवाखान्यासाठी हातात धरावयाचा डिटेक्टर आणला, तेव्हा मी तो प्रथम या डब्यावरच चालवून पाहिला. डब्यात १८८१ सालचा पोर्तुगीज हिंदुस्थानचा चांदीचा रुपया आहे. १९५८ नंतर आलेल्या एस्कुदो चलनातील तांबे-निकेलची नाणी आणि ब्राँझची सेंताव्ह आहेत. मुक्तीनंतर आपल्या हाती आलेले नये पैसे आहेत. साठच्या दशकातील हलके अ‍ॅल्युमिनियमचे पैसे आहेत. आणि आजचा पोलादी रुपयाही आहे. चांदी व तांबे उत्तम वाहक. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची वाहकता मात्र तांब्याच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकीच. १९९२ पासूनचा आपला रुपया फेरिटिक पोलादाचा, म्हणजे सुमारे ८३ टक्के लोह व १७ टक्के क्रोमियम असलेला. त्याला लोहचुंबक चिकटतो. पाच रुपयांचे आजचे नाणे निकेल-पितळेचे, तर दहा आणि वीस रुपयांची नाणी दोन निरनिराळ्या मिश्रधातूंची आहेत.

पोलिसांकडे असतो तसला हा साधा डिटेक्टर या सर्व नाण्यांवर वाजला. फरक पडला तो अंतराचा. मोठे नाणे दुरूनच कळे, लहान नाण्यासाठी यंत्र अगदी जवळ न्यावे लागे. नाणे आडवे, म्हणजे त्याची सपाट बाजू यंत्राकडे असली की आवाज ठळक. कडेवर उभे केले की क्षीण. जमिनीतील नाणी शोधणाऱ्या महागड्या यंत्रांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांत खिळे आणि लोखंडी भंगार वगळण्याची सोय असते. ती चालू ठेवली, तर जुनी चांदी खणखणीत बोलते आणि आजचा पोलादी रुपया कधी बोलतो, कधी गप्प राहतो. शिवाय आमच्या डिचोली तालुक्याची लोहखनिजाने भरलेली तांबडी माती स्वतःच त्या यंत्राला गोंधळात टाकते. म्हणून वैद्यकीय कामासाठी यंत्र घेताना महागड्या यंत्राचा मोह धरू नये. साधे, काहीही न वगळणारे यंत्रच आपल्या उपयोगाचे, आणि तेही आजच्या रुपयावर तपासून घेतलेले.

हे यंत्र मूळचे आपल्याच व्यवसायाचे आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे. ज्या १८८१ साली माझ्या डब्यातील तो चांदीचा रुपया पाडला गेला, त्याच वर्षीच्या २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप चौदा वर्षे होती. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक यंत्र तयार केले आणि ते रुग्णाच्या शय्येपाशी आणले. प्रयत्न फसला. एक तर गादीखाली धातूच्या स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी यंत्राला फसवले. दुसरे म्हणजे, प्रमुख उपचारक डॉ. ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून त्यांनी शोधही उजवीकडेच घेऊ दिला. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन झाले. लोखंडी खाट आणि आधीच ठरवून टाकलेले निदान, या दोन गोष्टींपासून डिटेक्टर वापरणाऱ्या डॉक्टराने आजही जपले पाहिजे.

हे मी दुसऱ्याला शिकविण्याच्या आविर्भावात लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी श्री केळबाईच्या उत्सवाच्या दिवसांत रात्री उशिरा एक आजी आपल्या नातवाला घेऊन आली. मुलाच्या तोंडातून लाळ गळत होती, पण श्वास व्यवस्थित होता. "मीच त्याला रुपया दिला होता, डॉक्टर. दुसरे काय असणार?" आजी म्हणाली. डिटेक्टर गळ्याच्या खालच्या भागाशी स्पष्ट वाजला. आजीचा शब्द आणि यंत्राचा शब्द जुळला. मी निश्चिंत झालो आणि पहाटे इस्पितळात जा, असे सांगून त्यांना घरी पाठविले. सकाळी क्ष-किरण चित्र निघाले, दुर्बिणीतून नाणे काढले गेले, मूल दुपारी घरी आले. तो रुपयाच होता. परंतु तो रुपया निघाला हे माझे नशीब होते, त्यात माझे वैद्यकीय ज्ञान मुळीच नव्हते. लाळ गाळणाऱ्या मुलाला रात्रभर थांबविणे नाण्याच्या बाबतीतही चूकच. आणि ती वस्तू नाणे नसती तर?

२०१९ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे २० मिलिमीटर व्यासाचे आणि ३.०९ ग्रॅम वजनाचे आहे. रिमोट, वजनकाटे आणि खेळणी यांत सर्रास आढळणारा २०३२ क्रमांकाचा बटण सेलही २० मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे तीन ग्रॅम वजनाचा, आणि त्याचेही आवरण पोलादी. डिटेक्टर दोघांवर सारखाच वाजतो. पण रुपया अन्ननलिकेत काही तास स्वस्थ पडून राहतो, तर हा सेल ओल्या श्लेष्मल त्वचेला टेकताच विद्युत् प्रवाह सुरू करतो, तेथे क्षार निर्माण होतो आणि दोन तासांत गंभीर भाजणी होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला छिद्र पडणे, एवढेच नव्हे तर महारोहिणीपर्यंत जखम पोहोचणे, हेही घडलेले आहे. क्ष-किरण चित्रात सेलची कडा दुहेरी वर्तुळासारखी दिसते आणि बाजूने घेतलेल्या चित्रात पायरी दिसते. नाण्यात हे दिसत नाही. हा भेद डोळ्यांनाच कळतो, यंत्राच्या आवाजाला नाही.

मग यंत्र हवेच कशाला, असे कोणी विचारील. क्ष-किरणांची मात्रा नगण्य असते, असाही आक्षेप मी ऐकला आहे, आणि एका चित्रापुरता तो खराही आहे. माझा मुद्दा किरणांचा नसून अंतराचा आणि वेळेचा आहे. खेड्यातील दवाखान्यात रात्री क्ष-किरण यंत्र नसते. डिचोली, म्हापसा की थेट बांबोळी, हा निर्णय घ्यावयाचा असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात गिळलेली नाणी ओळखण्यात हातातला डिटेक्टर सुमारे ९९ टक्के वेळा अचूक ठरला होता. छातीच्या वरच्या भागात वाजले, की तत्काळ मोठ्या इस्पितळाकडे. पोटात वाजले आणि मूल खेळते असले, तरीही एकदा चित्र काढून ते नाणेच असल्याची खात्री करावी. त्यानंतर मात्र दर दोनचार दिवसांनी नवे चित्र काढण्याची गरज नाही. नाणे खाली सरकले की नाही, बाहेर पडले की नाही, हे डिटेक्टर सांगतो. माझ्याकडे एक आई आपल्या मुलीला रोज संध्याकाळी आणीत असे. पाचव्या दिवशी यंत्र गप्प झाले, तेव्हा त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. क्ष-किरणांत अंधूक दिसणारे अ‍ॅल्युमिनियमही यंत्राला ऐकू येते, हा आणखी एक लाभ.

वापरण्याची रीत सोपी आहे. मुलाचे पैंजण, करगोट्यातील धातू, ताईत, चेन असलेले कपडे काढावेत. लोखंडी खाटेपासून दूर, उभे करून किंवा आईच्या कडेवर, हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत पुढून व मागून यंत्र फिरवावे. अन्ननलिकेतील नाणे बहुधा आडवे, सपाट बाजू पुढे करून असते, म्हणून ते ठळक वाजते. आईच्या मंगळसूत्राचाही विसर पडू देऊ नये. आणि यंत्र गप्प राहिले तरी लक्षणे असतील तर त्या मौनावर विसंबू नये. आपल्या गोव्यात घशात अडकतो तो बहुतेक वेळा मासळीचा काटा, आणि तो कोणत्याही डिटेक्टरला ऐकू येत नाही.

समाजबांधवांसाठी दोन शब्द. मुलाने काही गिळल्याचा संशय आला, तर उलटी काढू नका, केळी किंवा भाताचे गोळे भरवू नका. घरातील रिमोट, खेळणी, घड्याळे तपासा. एखादा सेल नाहीसा झाला असल्यास डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा. सेलचाच संशय असेल, घटना बारा तासांच्या आतली असेल, मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर इस्पितळाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यावा. मात्र मधासाठी घरी थांबू नये.

आपल्या संस्थेपुढे माझी एक नम्र सूचना आहे. काही हजार रुपयांत मिळणारे हे यंत्र आपण ग्रामीण भागातील प्रत्येक दवाखान्याला व आरोग्य केंद्राला भेट द्यावे. त्यासोबत चालू नाण्यांचा एक संच आणि एक बटण सेल असलेली छोटी डबी द्यावी, आणि आठवड्यातून एकदा यंत्र त्यांवर तपासून पाहण्याचा पाठ घालून द्यावा. रुपया आणि सेल एकाच आवाजात बोलतात, हे ज्या डॉक्टराने स्वतःच्या कानाने ऐकले असेल, तो लाळ गाळणाऱ्या मुलाला पहाटेपर्यंत थांबविणार नाही. माझ्या टेबलाच्या खणात अशी डबी आता कायमची आहे. ती त्या रात्री असती तर बरे झाले असते.