नवा मुनीम आणि गुरुजींची सही

पेढीवर नवा मुनीम आला म्हणजे मालक पहिल्याच दिवशी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली देत नाही. त्याचे अक्षर सुबक असेल, बोलणे आर्जवी असेल, तरी रोजकीर्द आणि शिल्लक दररोज सायंकाळी ताडून पाहिली जाते. त्यात अविश्वास नसतो. ती पेढीची शिस्त असते. आपल्या मुलांच्या शाळांतही सध्या असाच एक नवा मुनीम येऊन बसला आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि विचारताक्षणी निबंध, प्रश्नपत्रिका, पाठटाचण लिहून देणारी जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता शिक्षकांच्या भ्रमणध्वनीत पोहोचली. तिला शाळेबाहेर ठेवणे आता शक्य नाही. तिला शिस्त कोणती लावावी, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो पालक या नात्याने व अनेक शाळांचे विश्वस्त या नात्याने आपलाही आहे.

या मुनिमाचा स्वभाव प्रथम ओळखला पाहिजे. तो अफाट मजकुरावरून शब्दांच्या जुळण्या शिकलेला असतो आणि पुढे कोणता शब्द यावा, याचा अंदाज बांधत लिहितो. त्यामुळे त्याची भाषा सफाईदार असते. मात्र ती सफाई सत्याची हमी देत नाही. ठाऊक नसलेली गोष्टही तो त्याच आत्मविश्वासाने सांगू शकतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी या साधनाने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे सादर केले. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. साधन वापरले हा त्यांचा दोष मानला गेला नाही. मजकूर पडताळण्याचे कर्तव्य वकिलांचे होते आणि ते त्यांनी पाळले नाही, यावर निकालाचा भर होता.

बँकेत आम्ही आयुष्यभर एक नियम पाळला: नोंद करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, आणि उत्तरदायी तो, ज्याची सही आहे. शिक्षकांसाठी याहून सोपे सूत्र मला सुचत नाही. यंत्राने मसुदा करावा. तपासणी व सही गुरुजींची असावी. एका धड्यावर सोपे, मध्यम आणि कठीण असे तीन प्रश्नसंच काढणे, मागे पडलेल्या मुलासाठी तेच उदाहरण वेगळ्या शब्दांत मांडणे, परिपत्रकाचा मसुदा करणे, या कामांत त्याची मदत जरूर घ्यावी. मात्र प्रत्येक गणित स्वतः सोडवून आणि प्रत्येक सनावळी पाठ्यपुस्तकाशी ताडूनच मजकूर वर्गात न्यावा.

याच पडताळणीचा धडा मुलांनाही देता येतो. दहा हजार रुपये, द.सा.द.शे. ८ दराने, दोन वर्षे. सरळव्याजाने रास ११,६०० रुपये होते, वार्षिक चक्रवाढीने ११,६६४. यंत्र हे उत्तर पायऱ्यांसह क्षणात देईल. आता गुरुजींनी सांगावे, “घरी आजोबांना विचारा, त्याच दराने बँकेच्या पुनर्गुंतवणूक ठेवीत किती मिळतील?” उत्तर येईल सुमारे ११,७१७ रुपये, कारण बँका मुदत ठेवीवर साधारणतः तिमाही चक्रवाढीने व्याज देतात. हे ५३ रुपये कुठून आले, याचा शोध घेताना मूल जे शिकेल, ते आयते उत्तर उतरवून घेण्याने कधीही शिकणार नाही. यंत्राचे उत्तर चुकीचे नव्हते. प्रश्नच अपुरा होता, हेही त्याला उमगेल.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. मुलाचा निबंध अनपेक्षितपणे चांगला उतरला की, “हा यंत्राकडून लिहून घेतला,” असा संशय येतो आणि तो तपासण्यासाठी पुन्हा यंत्राचाच आधार घेतला जातो. चॅटजीपीटी निर्माण करणाऱ्या ‘ओपनएआय’ कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असे ओळख-साधन आणले होते. इंग्रजी मजकुरावरील तिच्या स्वतःच्या चाचणीत यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखला गेला आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राच्या नावावर गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचे सांगून, कंपनीने ते मागे घेतले. नऊ टक्के म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात चार-पाच प्रामाणिक मुलांवर लबाडीचा ठपका! व्यापारी घराला पत म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बारा वर्षांच्या मुलालाही पत असते. यंत्राच्या साक्षीवर ती घालवण्यापेक्षा गुरुजींनी त्याला जवळ बोलावून दोन-चार प्रश्न विचारावेत, वहीतील कच्चा मसुदा पाहावा, वर्गात एक परिच्छेद लिहून घ्यावा. तसेच, कुठे व किती मदत घेतली हे निबंधाखाली दोन ओळींत लिहिण्याची पद्धत पाडावी. प्रांजळपणे सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हेही आधीच जाहीर करावे.

गोपनीयतेचेही तसेच. खातेदाराची माहिती बँकेबाहेर जाऊ न देणे हा आमचा धर्म होता. मुलांची नावे, गुण, आजार, घरची परिस्थिती यंत्राला मुळीच पुरवू नये. ‘विद्यार्थी क्रमांक एक’ एवढ्यावर काम भागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व सांगतो. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत, वर्गात अशी साधने वापरण्यासाठी किमान तेरा वर्षे वयाची मर्यादा सुचवली आहे.

एवढी अपेक्षा शिक्षकांकडून करताना आपण त्यांना काय देतो? पेढीवर नवी संगणक प्रणाली आणली तर आपण माणसांना ती शिकवायला वेळ काढतो. शाळेत मात्र आदेश निघतो आणि शिक्षक एकटा पडतो. विश्वस्तांनी निदान तीन गोष्टी कराव्यात: कोणत्या कामाला यंत्र चालेल आणि कोणत्या कामाला नाही, याचा एक पानी नियम शिक्षकांशी बोलून ठरवावा, महिन्यातून एक तासिका शिक्षकांना एकत्र बसून सरावासाठी मोकळी द्यावी, आणि यंत्रामुळे वाचलेल्या वेळात नवी कारकुनी कामे त्यांच्या माथी मारू नयेत. तो वेळ मुलांचा आहे. आणि पालकांनी? “किती गुण मिळाले?” यापूर्वी “हे तू कसे सोडवलेस?” असे मुलाला विचारावे. मुनीम कितीही तल्लख असो, सायंकाळी वही उघडून बसण्याचे काम घरच्या माणसानेच करायचे असते.