त्याला पार्टनर म्हणू नका

‘पार्टनर’ म्हटलं की आपल्या मंडळातल्या निम्म्या जणांना वपु आठवतात. मला गेल्या मे महिन्यापासून माझा मावसभाऊ आठवतो. तो ग्वाल्हेरला मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतो, आणि त्याच्या फोनमधलं अ‍ॅप त्याला दिवसातून वीसेक वेळा तरी पार्टनर म्हणतं. माझ्या मते हा शब्द खोटा आहे, आणि भाषेच्या विद्यार्थ्यांनी तरी तो निमूटपणे वापरू नये.

आपल्याकडे भागीदार म्हणजे नफ्यात वाटा आणि तोट्यातही वाटा. दादाच्या भागीदारीत गाडी त्याची, गाडीचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचं, पंक्चर आणि चलानही त्याचंच. एका पार्सलमागे किती मिळणार ते कंपनी ठरवते, आणि तो दर बदलला की स्क्रीनवर दिसतो तेव्हाच कळतो. तोट्यातला वाटा चोख मिळतो. नफ्याच्या हिशेबाला मात्र या भागीदाराला कुणी बोलवत नाही.

माझी मावशी लग्न होऊन वसईहून ग्वाल्हेरला गेली, म्हणून माझं तिथे जाणं-येणं. दादाचं काम बहुतेक लष्कर भागात. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला, त्या तळाचंच पुढे शहर झालं, म्हणून नाव लष्कर. तिथले पत्ते मराठी माणसाने एकदा तरी वाचावेत. शिंदे की छावनी. फालका बाजार, म्हणजे आपले फाळके. महाडिक की गोठ. हा ‘गोठ’ गुरांचा गोठा नव्हे. आपण ‘विरोधकांच्या गोटात’ म्हणतो ना, तोच हा गोट, सरदाराच्या छावणीचा भाग. वाड्याचा तिथे बाडा झालाय. शहराच्या मधल्या चौकालाच महाराज बाडा म्हणतात.

आता ही नावं नकाशात नीट बसत नाहीत. पिन पडते गल्लीच्या तोंडाशी आणि घर असतं तीन वळणं आत, जिथे मोटारसायकल जात नाही. कुठल्या बाड्याला मागचं दार आहे, कुठल्या गल्लीत दुपारी भाजीवाले बसतात, हे दादाला पाठ आहे. “नक्शा रस्ता दाखवतो, दरवाजा मलाच शोधायला लागतो,” असं तो म्हणाला. हे ज्ञान मिळवायला त्याला दोन वर्षं लागली. मोबदला मात्र मिळतो किलोमीटरचा, तोही नकाशातल्या किलोमीटरचा. आणि हे सगळं मे-जूनच्या ग्वाल्हेरमध्ये, जिथे पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी बाड्यावर चिटपाखरू नसतं. लोक उन्हात बाहेर पडत नाहीत म्हणूनच तर ऑर्डरी वाढतात.

वेगाचं वचन एकाने विकायचं आणि धावायचं दुसऱ्याने, ही रीत तशी जुनीच. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय की १७६१ मध्ये पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली ती सावकारांच्या एका कासिदाकडून. पानिपतहून औरंगाबादला नऊ दिवसांत पोचायचा त्याचा करार होता. नऊ दिवस! ते पत्र आपल्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत आलं, कासिदाचं नाव काही आलं नाही. आज नऊ दिवसांची दहा मिनिटं झाली होती. २०२६ च्या जानेवारीत केंद्रीय श्रममंत्र्यांनी हस्तक्षेप केल्यावर जाहिरातींतून ती दहा मिनिटं हटू लागली. ठीक आहे. पण जाहिरातीतून आकडा गेला म्हणून पार्सलमागचा दर बदलत नाही, आणि दर तोच असेल तर माणूस तेवढाच पळणार.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो थांबण्यात. फूलबागेजवळ दुपारी पाच-सहा मुलं गाड्यांवर बसलेली असतात, फोनकडे बघत. त्या वेळाचे पैसे नाहीत. मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. मालक संध्याकाळी पाच वाजता बाजारात जातो, तिथे उभ्या असलेल्या माणसांना विचारतो की दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, कुणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांना मळ्यात पाठवतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो. आमच्या चर्चमध्ये हा दाखला देवाच्या कृपेबद्दल म्हणून ऐकवला जातो, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र फूलबागेनंतर त्यातला साधा व्यवहारही दिसायला लागला: उभं राहणाऱ्यालाही संध्याकाळी जेवायचं असतं.

“त्याला मनासारखं काम करता येतं, नको तेव्हा अ‍ॅप बंद,” असं माझ्या वर्गातले काही जण म्हणतात. दादाही म्हणतो. दुकानात बारा तास उभं राहून मिळायचं त्यापेक्षा त्याला इथे जास्त मिळतं, हे मी खोडणार नाही. पण त्या शहरात पर्याय तरी काय उरलेत? हजीऱ्याची जियाजीराव कॉटन मिल १९९२ मध्ये बंद पडली. त्याच सुमारास इंदूरची हुकूमचंद मिलही गेली. हुकूमचंदच्या कामगारांनी थकबाकीसाठी तीस वर्षांहून जास्त काळ कोर्टकचेरी केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये मंजूर होऊन आले. उशीर लाजिरवाणा होता, कितीतरी जण तोवर वारले असतील. तरी ते पैसे आले, कारण कागदावर ते कामगार होते. मिल मेली तरी त्यांचं देणं मेलं नाही. दादाचं अ‍ॅप उद्या बंद पडलं तर तो कुठल्या कोर्टात काय मागणार? भागीदाराचं कसलं आलंय थकीत वेतन?

कायदा अगदीच नाही असं नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली झाली, २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या लोकांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, मात्र त्यांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असं तिच्यात आहे. चांगलंच आहे. पण गिग कामगाराची व्याख्या करताना तीच संहिता त्याला पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर बसवते. म्हणजे मदत मिळेल, हक्काचं नातं नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२९-३० पर्यंत अशी माणसं २ कोटी ३५ लाख होतील. एवढ्या माणसांना काय म्हणायचं हा फक्त वकिलांचा प्रश्न नाही, भाषेचाही आहे.

मी तिथे असतानाच एका रात्री दादा खोदलेल्या रस्त्यावर पडला. घोट्याला फ्रॅक्चर. कंपनीचं (नाव घेत नाही) मदतकेंद्र म्हणजे चॅट, आणि तेही इंग्रजीत, म्हणून पलंगाशेजारी बसून मी टाईप करत होते. प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘डिअर पार्टनर’. पहिला प्रश्न पार्सलचा: माल सुरक्षित आहे का? मग लॉग-इनची वेळ. मग आणखी एक फॉर्म. मावशी मधूनच विचारायची, “अगं, काय म्हणतायत ते?” आणि मला त्या वाक्यांचं मराठी करता येईना. ‘तुमच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे प्लास्टरमधल्या पायासमोर मोठ्याने म्हणून बघा.

मी दादाला विचारलं, तुला पार्टनर म्हटलेलं आवडतं का? तो हसला. “नाव काहीही ठेव गं, रेट वाढव.” त्याचं खरं आहे. पण रेट वाढवून मागायचा तर समोर मालक लागतो, आणि त्या शब्दाने नेमका मालकच पुसून टाकलाय.

साडेतीन आठवडे तो घरी होता. गाडीचा हप्ता त्या महिन्यात मावशीने भरला. आता तो परत लष्करात फिरतोय. त्याच्या क्लेमसमोर अ‍ॅपमध्ये ‘क्लोज्ड’ असं हिरव्या अक्षरांत दिसतं. पैसे आलेले नाहीत.