लागरचा हट्ट आणि टेक्ससचा उन्हाळा

मे महिना लागला की इथे डॅलसमध्ये आमच्या ग्रुपमधल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. घरी बिअर बनवायचं किट नुकतंच घेतलेलं असतं, हिवाळ्यात दोन बॅच बऱ्या जमलेल्या असतात आणि साहेबांचा आत्मविश्वास उतू चाललेला असतो. "अरे, उन्हाळ्यासाठी काय टाकू?" आपण तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य येतं, "पिल्सनर टाकायची म्हणतोय. मस्त हलकी, थंडगार..."

झालं! इथेच माझं डोकं फिरतं.

उन्हाळ्यात काय *प्यायचं* आणि उन्हाळ्यात काय *बनवायचं* हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला काय हरकत आहे? आपली आजी पापड-कुरडया एप्रिल-मेमध्ये का करायची? तेव्हा ऊन असायचं म्हणून. श्रावणात खावेसे वाटले म्हणून तिने कधी श्रावणात पापड वाळत घातले नाहीत. आणि आपण इंजिनिअर लोक, सर्व्हर कुठे चालणार आहे हे न बघता डिझाइन करून मोकळे!

जरा आकडे बघा. बाहेर ३८-४० अंश. वीजबिलाच्या धाकाने घरातला एसी २५-२६ वर. बादली ठेवायची कपड्यांच्या कपाटात, कारण अपार्टमेंटमध्ये दुसरी अंधारी जागा नाही. शिवाय यीस्ट कामाला लागलं की ते स्वतःच उष्णता सोडतं, म्हणजे आतलं तापमान सहज तीन-चार अंशांनी चढतं. धरा २९. लागरच्या यीस्टला हवे असतात १०-१३ अंश. नेहमीच्या एल यीस्टलाही १८-२० बरे वाटतात. २९ वर त्या बिचाऱ्यांकडून काम करून घेतलं की जे निघतं त्याला पेंटच्या थिनरचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मीही तेच केलं. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात बादली, आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदलायच्या. चार दिवस इमानदारीत केलं. पाचव्या दिवशी ऑफिसात रिलीज फसलं, रात्री दीडला घरी आलो, टबातलं पाणी कोमट. १९ लिटर बिअर सिंकमध्ये ओतताना जो आवाज येतो ना, तो अजून आठवतो. असो.

"मग फ्रीज घे की!" असं म्हणणारा एक तरी निघतोच. घ्या बापडे. जुना डीप फ्रीझर, त्याला तापमानाचा कंट्रोलर, ठेवायला गराज, आणि बायकोची परवानगी. हे सगळं असेल त्याने खुशाल लागर करावी, माझं काही म्हणणं नाही. फक्त एक लक्षात ठेवा. आंबवून झाल्यावर लागर चार-सहा आठवडे थंडीत मुरवावी लागते. जूनच्या अखेरीस टाकलेली पिल्सनर ग्लासात येईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. कसली उन्हाळी बिअर?

गंमत म्हणजे ज्या बव्हेरियाचं नाव घेऊन हा हट्ट चालतो, तिथे १५५३ साली ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायलाच बंदी घातली होती. उन्हाळ्यात ती बिघडते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. भर उन्हाळ्यात लागर करणं बिनधास्त शक्य झालं ते १८७० च्या दशकात, कार्ल फॉन लिंडेने म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी थंड करणारं यंत्र बनवलं तेव्हापासून. म्हणजे जर्मन लोकांनीही कपाटात लागर केली नव्हती हो!

मग टाकायचं काय? सेझाँ. बेल्जियमच्या वॅलोनियातली, शेतावरची बिअर. (खरं सांगायचं तर जुने शेतकरी तीही थंडीतच बनवून उन्हाळ्यासाठी ठेवायचे, त्यामुळे परंपरेच्या गप्पा मी मारत नाही.) मुद्दा यीस्टचा आहे. तूर्प गावातल्या द्यूपाँ ब्रुअरीचं यीस्ट तिशीच्या वर गेलं तरी कुरकुरत नाही, उलट खुलतं. त्यातूनच तो मिरीसारखा तिखट वास येतो. मसाला एक चिमूटही घातलेला नसतो. "आमच्या पाहुण्यांना असलं चालत नाही" म्हणणारे हेच लोक ठेचा वाढून घेताना मात्र मागेपुढे बघत नाहीत!

१९ लिटरला साडेतीन किलो पिल्सनर माल्ट, अर्धा किलो गव्हाचं माल्ट, ३०० ग्रॅम साखर. माल्ट ६५ अंशांच्या पाण्यात तासभर. हॉप्स साझ किंवा गोल्डिंग्ज, बेताने. जुलैत इथे नळालाच २८-३० अंशांचं पाणी येतं, त्यामुळे उकळलेला वर्ट लागरसाठी गार करणं म्हणजे बर्फाच्या पिशव्या आणत बसणं. इथे तो पंचविशीत आला की यीस्ट टाका, कपाट बंद करा. १.०५२ च्या आसपास सुरू होऊन ती १.००४ पर्यंत उतरते.

फक्त घाई नको. द्यूपाँचं यीस्ट १.०३५ ला येऊन रुसून बसतं, त्याची ख्यातीच आहे. ऊब टिकवा, थांबा. सेझाँची काही यीस्ट इतरांना न पचणारी साखरही सावकाश खात राहतात. म्हणून हायड्रोमीटरचा आकडा आठवडाभर हलला नाही तरच बाटल्या भरा, नाहीतर कपाटात बाँब फुटतील. हे गमतीने लिहीत नाहीये.

सेझाँ नकोच असेल तर नॉर्वेचं क्वाइक आहे. व्हॉसकडचं क्वाइक तर ३५-४० अंशांवर तीन-चार दिवसांत काम उरकतं, वर संत्र्याचा वास. आता त्याचीही "लागर" करून दाखवणारे महाभाग आहेत. त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, तुम्ही हे नुसतं वाचा. इथे १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर माफ आहे. तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय बादलीभरही करू देत नाही.

कालच्या फोनवाल्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "पटतंय रे, पण पिल्सनरचं यीस्ट आणून ठेवलंय." म्हटलं, फ्रीजमध्ये ठेव, नोव्हेंबरात बोलू.