आधी तेलपाणी, मग रंगरंगोटी

जुन्या स्कूटरींना सध्या बरे दिवस आले आहेत. जबलपूर, सिकंदराबाद, जोधपूर, कुठल्याही छावणीत जा. दोन-चार गॅरेजमध्ये वडिलांची चेतक किंवा कुठून तरी मिळवलेली लॅम्ब्रेटा उभी दिसते. रंग आरशासारखा, क्रोम लखलखीत, सीट नवी. फोटो झकास येतात. पण जरा क्लच दाबून बघा, मनगट भरून येतं. माझं भांडण याच्याशी आहे. जिच्या रंगावर हजारो रुपये उधळले, तिच्या केबलींत चार थेंब तेल गेलेलं नसतं.

हा रोग आम्हा फौजींना अनोळखी नाही. इन्स्पेक्शन जवळ आलं की गेरू-चुन्याच्या बादल्या निघतात आणि रस्त्याकडेच्या दगडांचंही नशीब उजळतं. पण त्याच फौजेने मेंटेनन्स परेडही शिकवली. रायफल बाहेरून कितीही पुसा. फुलथ्रूला चिंदी लावून नळी आतून साफ केली नाही, तर त्या चकाकीचा उपयोग शून्य. केबलसुद्धा नळीच आहे, फक्त तिच्या आत कुणी डोकावत नाही.

ही युक्ती मोठी जुनी. अर्नेस्ट बाउडेनने १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं: वेटोळ्या आऊटरमधून सरकणारी तार. चेतकवर अशा सहा तारा ओढण्याचं काम करतात. क्लचची एक, गिअरच्या दोन, पुढच्या-मागच्या ब्रेकची एकेक आणि अ‍ॅक्सिलरेटरची एक. सातवी मीटरची, ती ओढत नाही, फिरते.

आता हिशेब करा. दोर खांबाला जितका गुंडाळावा तितका तो जास्त धरून ठेवतो. केबलच्या वळणांचंही तसंच, तिथे घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. सगळी वळणं मिळून १८० अंश झाली आणि घर्षणांक ०.१५ असला, तर क्लचशी १० किलोचा ओढा पोचवायला लिव्हरच्या टोकाला सुमारे १६ किलो लागतात. तार कोरडी, गंजलेली होऊन घर्षणांक ०.४ वर गेला की त्याच कामाला ३५ किलो! मग लोक म्हणतात, जुन्या स्कूटरचा क्लच जडच असायचा. नव्हता. तो तुम्ही जड केलात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, तेही मेकॅनिकच्या हिंदीत: ‘साहब, तार ही तो है, नई डलवा लो.’ वायर स्वस्त आहे हे खरं. पण बदलते काय? बहुतेक वेळा फक्त आतली तार. आऊटर तोच जुना, आत गंज आणि वाळलेलं ग्रीस घेऊन बसलेला. नवी तार त्याच भुयारात कोरडी ढकलायची आणि वर्षभरात ती तुटली की हल्ली माल चांगला येत नाही म्हणून कंपनीच्या नावाने खडे फोडायचे. शिवाय वायर तुमची सोय बघून तुटत नाही. क्लचची भर चौकात गेली तर फजिती होते, पुढच्या ब्रेकची घाटातल्या उतारावर गेली तर जीव जातो.

ती तुटते कुठे, तेही बघा. बहुतेकदा लिव्हरमधल्या निपलपाशी. लिव्हर दाबताना निपलने आपल्या खाचेत फिरायला हवं. ते कोरडं पडून अडकलं की दर दाबाला तार तिथेच वाकते आणि एकेक धागा सुटतो. निपलला आणि लिव्हरच्या पिनेला बोटभर ग्रीस, एवढाच उपाय. मात्र एक जरी धागा सुटलेला दिसला किंवा आऊटर आतून गंजला असेल, तर तेलाचा नाद सोडा. तिथे बदलणंच शहाणपणाचं, आणि तेही आऊटरसकट.

तेल घालायला कारखाना लागत नाही. तार लिव्हरमधून सोडवा, आऊटरचं वरचं तोंड उभं धरा, त्याभोवती प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून नरसाळं करा आणि पातळ मशीन ऑइल ओता. रात्रभर राहू द्या. सकाळी खालच्या टोकाला थेंब दिसला की काम झालं. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या नव्या केबलींना मात्र कंपनी सांगेल तेवढंच. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल घालू नका, त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो. मोहरीचं तेल चिकट होतं, खोबरेल उत्तरेच्या थंडीत गोठतं. राजस्थानात बाहेर सांडलेलं तेल पुसून काढा, नाहीतर वाळू बसून त्याचा पॉलिश पेपर होतो. आसामच्या पावसाळ्यात हेच काम दोनदा करा. आणि बदलीच्या वेळी गोणपाटात गुंडाळून रेल्वेने पाठवलेली, महिनोन् महिने उभी राहिलेली स्कूटर तेल दिल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

मीटरच्या केबलला वेगळा न्याय. तिची आतली तार पूर्ण बाहेर काढा, पुसा आणि हलकं ग्रीस लावा, पण फक्त खालच्या दोन-तृतीयांश भागाला. वरची वीतभर कोरडी ठेवा. तार फिरते, तिच्या पिळांवरून ग्रीस वर चढतं आणि थेट मीटरमध्ये शिरतं. मग आतलं चुंबक आणि वाटी चिकटून मीटर कायमचं बिघडतं. काटा थरथरत असेल तर मीटरला दोष देण्याआधी केबल कोरडी आहे का, कुठे मुरगळली आहे का, ते बघा.

यात अवघड काय आहे? काहीच नाही. दिसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. रंगाला दाद मिळते, तेलाला मिळत नाही. म्हणून व्हिंटेज मेळाव्यांच्या परीक्षकांना माझं सांगणं आहे: रंगाचे निम्मे गुण कापा आणि ते क्लचला द्या. लिव्हर दोन बोटांनी दाबली गेली पाहिजे, सोडल्यावर टक्कन परत आली पाहिजे. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन लगेच उतरलं पाहिजे. ज्या स्कूटरला हे जमत नाही ती पुनरुज्जीवित झालेली नाही, तिला फक्त गेरू-चुना फासला आहे.