स्टुडिओंचे स्थलांतर आणि वऱ्हाडची अपेक्षा

गोरेगावचा फिल्मिस्तान स्टुडिओ जुलै २०२५ मध्ये एका बांधकाम कंपनीने १८३ कोटी रुपयांस विकत घेतला. बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळींनी १९४३ साली उभारलेला हा स्टुडिओ अलीकडे चित्रपटांबरोबरच दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांनाही भाड्याने दिला जात असे. चित्रपट कामगारांच्या एका संघटनेने या विक्रीविरुद्ध मुख्यमंत्र्यांकडे दाद मागितली, वृत्तपत्रांनी जुन्या चित्रपटांच्या आठवणी छापल्या आणि विषय तेथेच थांबला.

चांदूर बाजारसारख्या गावी या बातमीची कोणी विशेष दखल घेतली नाही, यात नवल नाही. संत्र्याच्या फळगळीची आणि कपाशीच्या भावाची चिंता वाहणाऱ्या तालुक्याने गोरेगावच्या चार एकर जागेची चिंता का करावी? सायंकाळी सात वाजल्यापासून येथल्या घराघरांत मालिका चालू असतात. पडद्यावर दिसणारा दिवाणखाना ठाण्यास आहे, नायगावला आहे की गुजरातेत आहे, याच्याशी पाहणाऱ्यास काही कर्तव्य नसते. तरीही या बातमीचा वऱ्हाडाशी संबंध आहे. मुंबईतील एखादा स्टुडिओ बंद पडला की आता हा धंदा जिल्ह्याजिल्ह्यांत येईल, असे बोलले जाऊ लागते. विदर्भात रामटेक परिसरात चित्रनगरी उभारण्याची घोषणा शासनाने केल्यापासून या बोलण्यास अधिकच जोर आला आहे. जेथे पदवीधर तरुणास गावात काम नाही, तेथे अशी आशा लवकर रुजते. म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजे.

प्रथम स्टुडिओ का बंद पडतात ते पाहू. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओस १६ सप्टेंबर २०१७ रोजी आग लागली. जळाला तो चित्रपटाचा सेट नव्हता, तर दूरचित्रवाणीवरील एका नृत्यस्पर्धेचा होता. पुढल्या वर्षी कपूर कुटुंबाने स्टुडिओ विकण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०१९ मध्ये तेथली सुमारे सव्वादोन एकर जमीन एका गृहबांधणी कंपनीकडे गेली. आगीपूर्वीच स्टुडिओ तोट्यात होता, मागणी तुरळक होती आणि जे येत तेही भाड्यात सूट मागत, असे कुटुंबाने उघडपणे सांगितले होते. आगीने तो बंद पाडला असे म्हणण्यापेक्षा आधीच ठरत आलेल्या गोष्टीस आग निमित्त झाली, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

रिकार्डोने खंडाविषयी जे सांगितले, ते येथे उपयोगी पडते. खंड जास्त म्हणून धान्य महाग नसते, धान्य महाग म्हणून खंड चढतो. शेती मक्त्याने देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनाही हे पुस्तकावाचून कळते. मुंबईच्या जमिनीचा खंड मात्र तिच्यावर निघणाऱ्या चित्रीकरणाने ठरत नाही, तिच्यावर बांधता येणाऱ्या सदनिकांनी ठरतो. बारा तासांच्या पाळीचे भाडे घेऊन चालणारा स्टुडिओ कितीही भरलेला राहिला तरी सदनिकांच्या भावाशी त्याची बरोबरी होणे शक्य नाही. वऱ्हाडात रस्त्यालगतची संत्र्याची बाग लेआऊटमध्ये जाते, जुन्या जिनाच्या आवारात प्लॉट पडतात, त्यामागे हाच हिशेब असतो. मालकाच्या रसिकतेचा किंवा अरसिकतेचा येथे प्रश्न नाही.

कोल्हापुरात हेच निराळ्या रीतीने घडले. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत होरपळला, पुन्हा उभा राहिला आणि पुढे लता मंगेशकर यांच्या मालकीचा झाला. त्याची जागा विकली गेल्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये उघड झाले, तेव्हा तेथील कलावंतांनी आंदोलन केले. त्यांची भावना खरी होती. पण केवळ वारशाच्या नावाने जागा राखली तरी तिच्यात काम कोण आणणार, हा प्रश्न त्या भावनेने सुटत नाही. या बाबतीत पुण्याचे प्रभात भाग्यवान. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास गेलेली ती कंपनी बंद पडल्यावर तिच्या आवारात केंद्र सरकारने १९६० साली चित्रपट संस्था काढली. दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणाचा विभागही १९७४ मध्ये दिल्लीहून तेथे आणण्यात आला. मालक बदलला, धंदा बदलला, परंतु कारागिरी शिकविण्याचे काम त्याच भिंतींत चालू राहिले.

मग बंद पडलेल्या स्टुडिओंतील काम गेले कोठे? काही गोरेगावच्या चित्रनगरीत गेले. ती शासनाने १९७७ साली स्थापिली आणि जमीन सरकारी असल्यामुळे बाजारभावाच्या खंडाची झळ तिला तशी लागत नाही. बाकीचे काम खंडाच्या मागोमाग मुंबईबाहेर सरकत गेले : काशीमिरा, घोडबंदर रस्ता, नायगाव, आणि थेट उंबरगाव. हे उंबरगाव १९६० पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, आज गुजरातेत आहे. रामानंद सागर यांच्या १९८७-८८ मधील 'रामायण' मालिकेचे चित्रीकरण तेथेच झाले होते. या ठिकाणांत एक गोष्ट समान आहे : मुंबईहून निघालेला नट सकाळी तेथे पोहोचू शकतो आणि रात्री घरी परतू शकतो. खंड कमी व्हावा, पण मुंबईची दोरी तुटू नये, एवढीच या स्थलांतराची मर्यादा.

ती दोरी किती लांब ताणता येते याची परीक्षा २०२१ मध्ये झाली. साथीच्या दुसऱ्या लाटेत, १४ एप्रिलपासून, राज्यात निर्बंध लागू झाले आणि चित्रीकरण बंद झाले. मालिका रोजची, भागांचा साठा थोडा. तेव्हा निर्मात्यांनी काही दिवसांतच आपले तांडे गोवा, हैदराबाद, सिल्वासा, दमण अशा ठिकाणी हलविले. मराठी मालिकांतील कुटुंबे एकाएकी सहलीस निघाली, ती यामुळे. मे महिन्याच्या आरंभी मडगावच्या रवींद्र भवनातील एका गायनस्पर्धेच्या चित्रीकरणास विरोध झाला, गोवा सरकारने परवानगी मागे घेतली आणि तांडे पुन्हा उठले. जून महिन्यात महाराष्ट्रातील निर्बंध शिथिल होताच बहुतेक मंडळी परतली.

या दोन महिन्यांच्या घडामोडींतून जे दिसले ते मोलाचे आहे. कॅमेरे, दिवे, नट आणि निवडक तंत्रज्ञ चार दिवसांत राज्याबाहेर जाऊ शकतात; सेट उभारणारे सुतार, रंगारी, दिवे सांभाळणारे हाताखालचे लोक, स्पॉटबॉय आणि गर्दीत उभे राहणारे कलाकार यांतील पुष्कळ मागे राहतात, कारण त्यांच्या निवासाचा व प्रवासाचा खर्च निर्मात्यास परवडत नाही आणि त्यांच्या जागी स्थानिक माणूस मिळतो. भांडवलास स्थलांतर स्वस्त आणि श्रमास महाग, हे गिरणीच्या काळापासूनचे सत्य येथे एका पंधरवड्यात पाहावयास मिळाले.

मुंबईपासून दूर राहून टिकलेली उदाहरणे नाहीत असे नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले'साठी कुडाळ तालुक्यातील आकेरीचा वाडा वापरण्यात आला. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळच्या वसगडे गावी सुरू झाली. सातारा जिल्ह्यात तर अनेक मालिका झाल्या. गावास वाड्याचे भाडे मिळाले, खानावळ आणि वाहने चालली, काही स्थानिक नटांना भूमिका मिळाल्या. बघ्यांची रीघ लागली, तेव्हा तिचा त्रासही गावानेच सोसला. मालिका संपली की तांडा उठला. आकेरीस वा वसगड्यास मालिका लिहिली गेली नाही, संकलित झाली नाही आणि तिच्या पुढल्या भागाचा निर्णयही तेथे झाला नाही.

याचे कारण धंद्याच्या उत्पन्नात आहे. मालिकेचे पैसे प्रेक्षक मुख्यत्वे प्रत्यक्ष देत नाही. ते जाहिरातदाराकडून वाहिनीस आणि वाहिनीकडून निर्मात्यास मिळतात. जाहिरात संस्था मुंबईत, मराठी वाहिन्यांचे निर्णय घेणारे मुंबईत, म्हणून निर्माता मुंबईत. त्याची उलट बाजू पाहावयाची असेल तर वऱ्हाडी माणसास फार दूर जावयास नको. विदर्भाच्याच पूर्व टोकास, वडसा परिसरात, झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या दर वर्षी दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटके करतात. नटनट्या, वादक, पडदे रंगविणारे, मांडव घालणारे यांचा तो धंदा आहे आणि तो कोणत्याही चित्रनगरीवाचून तेथे रुजला आहे. त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. तेथे तिकीट काढणारा प्रेक्षक मांडवात बसलेला असतो. उत्पन्न जेथे, तेथे धंदा. वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या बोलीस मालिकांतही मागणी आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेची नागपूरकडली नायिका २०१६ ते २०२१ अशी जवळजवळ पाच वर्षे घरोघरी बोलत होती. पण ती बोलत होती ठाण्याच्या सेटवरून. बोली हलली, रोजगार हलला नाही.

मुंबईच्या जमिनीतून उठलेला कारखाना वऱ्हाडात आणण्याचा प्रयोग तर चांदूर बाजारपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर झालेलाच आहे. अचलपूरची विदर्भ मिल बंद पडल्यानंतर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील फिनले मिल अचलपुरात आणली. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनी विकून आलेल्या पैशांतून काही गिरण्यांचे आधुनिकीकरण करावयाचे, हे त्या वेळचे धोरण होते आणि ते तत्त्वतः चुकीचे नव्हते. कापूस येथे पिकतो, कामगार येथे आहे, यंत्रे नवी आली. चित्रनगरीच्या बाजूने आज जे युक्तिवाद केले जातात, त्यांपेक्षा हे सारे बळकट होते. परंतु गिरणीचा निर्णय घेणारी कचेरी अचलपुरास नव्हती. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर फिनलेही थांबली आणि टाळेबंदी उठली तरी ती पूर्ववत सुरू करण्यात आली नाही. कामगारांनी निवेदने दिली, आंदोलने केली. ज्यांच्याकडे निर्णय होता ते फार दूर होते. कापसाच्या गिरणीची ही गत, तर ज्याला कच्चा माल म्हणून गावातील काहीच लागत नाही, त्या धंद्याचा भरवसा किती धरावा?

कामगाराच्या बाजूनेही या धंद्याची स्थिती तपासण्यासारखी आहे. संसदेने १९८१ साली चित्रपट कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा केला, परंतु त्यातील व्याख्या कथाचित्रपटापुरती होती. पुढे दूरचित्रवाणीचा धंदा चित्रपटास ओलांडून जाईल, याची कल्पना तेव्हा कोणास नसावी. परिणामी मालिकांवर राबणारा फार मोठा वर्ग कित्येक वर्षे त्या कायद्याच्या बाहेर राहिला. भाग प्रसारित झाल्यावर नव्वद दिवसांनी मोबदला देण्याची प्रथा या धंद्यात रूढ झाली. महिना भरण्यापूर्वी किराण्याची उधारी भागवावी लागणाऱ्यास नव्वद दिवसांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत दृक्‌श्राव्य कामगार ही व्यापक संज्ञा आली, मालिकांवरील कामगार तीत समाविष्ट झाले आणि त्यांच्याशी लेखी करार करणे बंधनकारक ठरले. कायदा झाला, ही चांगली गोष्ट. तो मुंबईत संघटनेच्या बळावर काही अंशी पाळला जाईल. जेथे संघटनाच नाही अशा नव्या ठिकाणी तो कोण पाळून घेणार? स्थानिक माणूस स्वस्त मिळतो, हेच जर नव्या जागेचे आकर्षण असेल, तर लेखी कराराची टाळाटाळ तेथेच प्रथम होईल.

रामटेकच्या चित्रनगरीस विरोध करण्याचे, अर्थात, कारण नाही. विदर्भास सरकारी गुंतवणूक इतकी थोडी मिळते की आलेली नाकारण्याची चैन परवडणारी नाही. पण आजवरची चर्चा एकरांची आहे. कोल्हापूरच्या मोरेवाडीतही शासनाने चित्रनगरीसाठी एकर दिलेच होते आणि ती जागा अनेक वर्षे ओस पडून होती. जमीन ज्यांना द्यावयाची, त्यांच्याकडून चित्रीकरणाबरोबर संकलन, ध्वनिमुद्रण आणि लेखन यांचा काही ठरावीक भाग विदर्भात करण्याचे बंधन घ्यावे. पुण्याच्या संस्थेने जे मोठ्या प्रमाणावर केले ते लहान प्रमाणावर करणारे, दिवे, ध्वनी, सेट-सुतारकाम आणि वेषभूषा शिकविणारे विद्यालय पहिल्या सेटच्या आधी उभे राहावे. अमरावती-अकोल्याच्या मुलांना मुंबईतील उमेदवारीची चार वर्षे उपाशीपोटी काढावी लागू नयेत. लेखी करार आणि वेळेवर मोबदला यांचा पुरावा सादर केल्यावाचून भाड्यातील सवलत देऊ नये.

या अटी घालण्याची वेळ जमीन देण्यापूर्वीची असते. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींबाबत १९९१ साली मालक, महापालिका आणि गृहनिर्माण मंडळ अशी तीन हिश्शांची अट घालण्यात आली होती. २००१ मध्ये ती बदलून केवळ मोकळ्या जागेपुरती ठेवण्यात आली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. त्यानंतर घरांसाठी किती जागा हाती आली, हे लालबाग-परळच्या गिरणी कामगारांस विचारावे.